गाडीतून करपट वास आला तर...

आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता ट्रॅक्टरशेजारी चारचाकीही उभी असते. ट्रॅक्टरचा आवाज जरासा बदलला तरी आपल्याला झोपेत कळते. मोटारीतून करपट वास आला तर मात्र आपण काच खाली करतो, "बाहेरचाच असेल" म्हणतो आणि पुढे निघतो. मीही तेच केले होते, म्हणून हा लेख.

गेल्या गळीत हंगामात थोरल्या बंधूंबरोबर पुण्याला, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या रोपांची चौकशी करायला निघालो होतो. सासवड सोडले, दिवे घाट उतरू लागलो आणि वास सुरू झाला. अण्णा म्हणाले, "ब्रेक तापलं असतील रं. घाट उतरतोय न्हवं का आपण." म्हणणे चुकीचे नव्हते. उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच बसले की लायनिंग तापते व तसाच उग्र वास येतो. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला आवरते. वडकीजवळ गाडी बाजूला घेतली व एकेका चाकाजवळ हात नेऊन पाहिला. (रिमला हात लावू नये, चटका बसतो.) चारही चाके सारखीच कोमट. वास मात्र कायम.

पुढे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गाडी पळती असली की वास कमी व्हायचा आणि हडपसरला गाडीतळाच्या सिग्नलला उभे राहिलो की समोरच्या जाळीतून भपकन आत यायचा. अर्धे निदान इथेच झाले होते, फक्त आम्हाला कळले नव्हते. गाडी पळत असताना बॉनेटखालचा धूर वाऱ्याबरोबर मागे निघून जातो. उभी राहिली की तोच धूर काचेखालच्या फटीतून पंखा आत ओढतो. म्हणजे जळते आहे ते चाकापाशी नव्हे, इंजिनापाशी.

हडपसरच्या एका मेस्त्रींनी बॉनेट उघडले, बॅटरीचा उजेड मारला आणि म्हणाले, "काका, टॅपेट कव्हरमधून तेल गळतंय. खाली मॅनिफोल्डवर पडतंय अन् तिथं जळतंय." इंजिन ऑइल साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेट घेऊ शकेल अशी वाफ सोडू लागते, आणि ओढीवर चालणाऱ्या इंजिनाचा मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे तापतो. थेंब थेंब गळते तोवर धुरावर भागते. गळती वाढली तर पेटायला वेळ लागत नाही. गाडीत मागे लेकरेबाळे बसलेली असतात, हे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. महिन्यापूर्वीच एका गॅरेजात हेच पॅकिंग बदलून घेतले होते. मेस्त्रींनी त्यावर काही भाष्य केले नाही. इंजिन मंद चालू ठेवून तेल ओतायचे झाकण सैल केले आणि तोंडावर कागदाचा तुकडा धरला. कागद फडफडत वर उडाला. "आत हवा कोंडलीय," ते म्हणाले. मग टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा रबरी ब्रीदर पाइप काढून दाखवला. आत मळीसारखा काळा चिकट गाळ गच्च बसला होता.

आपल्या उपसा सिंचनाच्या पाइपलाइनला एअर व्हॉल्व्ह असतो. तो जाम झाला की लाइन कुठे फुटते? जिथे सांधा कच्चा तिथे. इंजिनाचेही तसेच. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली येतच असतो. त्याला जायला ब्रीदरची वाट असते. ती बुजली की दाब तेलाला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. नवे पॅकिंग घातले तरी महिन्याभराने पुन्हा तेच. पाइप साफ करूनही कागद तसाच उडत राहिला तर रिंगा झिजल्या असे समजावे आणि मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी.

गाळ होतो कशाने, हे विचारले तर उत्तर आपल्याच अंगाशी आले. घर ते मळा, मळा ते कारखाना, असे दोन-तीन किलोमीटर गाडी चालवायची आणि बंद करायची. इंजिन पुरते तापतच नाही, आतला ओलावा उडत नाही, तो तेलात मिसळून गाळ धरतो. त्यात ऑइल बदलायला उशीर. किलोमीटर कमी झाले म्हणून मी वर्ष ओलांडून बसलो होतो! थोड्या-थोड्या फेऱ्यांच्या गाडीचे तेल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर बदलावे.

बाकीचे वास थोडक्यात सांगतो. रबर जळल्यासारखा वास आणि जोडीला किंचाळी, म्हणजे पट्टा सैल किंवा झिजलेला. गोडसर वास व काटा वर चढलेला, म्हणजे कूलंट गळते आहे. गरम रेडिएटरचे झाकण चुकूनही उघडू नये. चढावर किंवा पुण्याच्या गर्दीत अर्धा क्लच दाबून रेटत राहिले की क्लचप्लेटचा वास येतो. प्लॅस्टिक करपल्याचा वास मात्र सगळ्यात वाईट, तो वायरिंगचा. गाडी ताबडतोब बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. विहिरीवरच्या किटकॅटमध्ये जाड तार घालायची आपली खोड मोटारीच्या फ्यूजला लावू नये, ही विनंती.

आणि पाचटाचे काय? तोड झालेल्या फडात गाडी घालून बांधाला लावतो आपण. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीची गाळणी असते. काजळी जाळताना ती 600 अंशांच्या आसपास तापते. खाली वाळले पाचट असले तर पुढचे सांगायला नको. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काही थंड नसतो. शिवाय फड रिकामा झाला की उंदीर आसरा शोधतात. बॉनेटखाली चिंध्या-पाचटाचे घरटे करतात व वायरी कुरतडतात. हंगामात आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे.

बॉनेटखालून दाट धूर येत असेल तर ते सताड उघडू नये, आत वारा मिळून भडका होतो. गाडी बंद करून आधी सगळ्यांना उतरवून लांब न्यावे.

आमचे पॅकिंग नाना पेठेतून आणवले, पाइप नवा घातला, ऑइल व फिल्टर बदलले, मॅनिफोल्डवरचे जुने तेल पुसून घेतले. मेस्त्रींनी सांगितले होते, "काका, दोन-चार दिवस थोडा वास येईल, राहिलेलं तेल जळेल, घाबरू नका." तसाच आला आणि गेला. आठ दिवसांनी रात्री गाडीखाली जुना पेपर अंथरून ठेवला. सकाळी अण्णांनी तो उचलून उजेडात धरला. एकही डाग नव्हता. रोपांसाठी मात्र मांजरीला पुन्हा एक खेप करावी लागली.