घरचे नाव आणि दलमातील नाव : चंद्रपूर-गडचिरोलीतील तरुणांच्या जाण्यायेण्याविषयी

एखादा तरुण घर, शाळा वा कामधंदा सोडून सशस्त्र आणि आत्यंतिक मताच्या संघटनेत का जातो, आणि एकदा गेलेला परत कसा येतो, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा किंवा पोलीसखात्याचा मानला जातो. त्याची उत्तरेही ठरलेली आहेत. काही जण दारिद्र्याकडे बोट दाखवितात, तर काही जण तत्त्वज्ञानाच्या मोहिनीकडे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. एकाच गावात, एकाच दारिद्र्यात वाढलेल्या मुलांपैकी एखादाच जातो आणि बाकीचे राहतात. तत्त्वज्ञान म्हणावे, तर ज्या वयात पुष्कळ मुले गेली त्या वयात त्यांनी ग्रंथ उघडलेलेही नव्हते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे भाषेच्या बाजूने पाहण्याचा यत्न केला आहे. कारण जाणारा आणि परतणारा या दोघांच्याही बाबतीत जे प्रथम बदलते ते संबोधन व नाव होय.

प्रथम थोडा इतिहास. १९८० च्या एप्रिलमध्ये आंध्र प्रदेशात कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली पीपल्स वॉर हा गट स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याचे कार्यकर्ते गोदावरी-प्राणहिता ओलांडून तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आले. नोव्हेंबरात सिरोंचा भागातील मोयाबीनपेठा येथे त्यांपैकी पेद्दी शंकर हा पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या काळी तेंदूपत्ता व बांबू यांची मजुरी अत्यल्प होती आणि वनखात्याच्या कनिष्ठ नोकरांचा जाच सर्वश्रुत होता. चळवळीने मजुरीचा प्रश्न हाती घेतला, दर वाढले, आणि गावांत तिचे वजनही वाढले. २००४ मध्ये हा गट व माओवादी कम्युनिस्ट केंद्र एकत्र येऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) अस्तित्वात आला.

आता शब्दांकडे वळू. या भागातील माडिया व इतर गोंड समाजांची भाषा गोंडी ही द्राविड कुळातील असून तेलुगूशी तिचे नाते मराठीपेक्षा जवळचे आहे. २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे तीस लक्ष लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तथापि संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. शाळेची भाषा मराठी, कचेरीची मराठी, न्यायालयाची मराठी वा इंग्रजी. वनरक्षकाने दटावले ते मराठीत, आणि मास्तरांनी शिकविले तेही मराठीत. अशा मुलाला गावाबाहेरच्या एखाद्या सुशिक्षित माणसाने त्याच्याच बोलीत हाक मारावी, ही घटना आपण समजतो तितकी लहान नाही. तेलुगूभाषक कार्यकर्ते गोंडी शिकले. गावातील रेला नृत्यगीतांच्या चालींवर त्यांनी नवी गाणी बसविली, आणि पुढे चेतना नाट्य मंचासारखी पथके ती गाणी गावोगाव नेऊ लागली.

चळवळीच्या शब्दसंग्रहाचे सरळ दोन थर पडतात. पहिला थर नात्यांचा : ‘दादा’, ‘अन्ना’, ‘अक्का’. यांतील ‘अन्ना’ व ‘अक्का’ हे तेलुगू शब्द अनुक्रमे थोरला भाऊ व थोरली बहीण या अर्थाचे आहेत. दुसरा थर संघटनेचा : ‘दलम’, ‘संगम’, ‘एरिया कमिटी’, ‘जनताना सरकार’. यांतील बहुतेक शब्द तेलुगू, हिंदी वा इंग्रजीतून जसेच्या तसे आले आणि ऐकणाऱ्यास प्रथम अपारदर्शकच राहिले. मुलाला समजला तो पहिला थर. त्याला भाऊ भेटला. सिद्धान्त मागाहून आला. गावात बाल-संघटन, मग संगम, मग निरोप पोहोचविणे व शिधा नेणे, आणि अखेरीस दलम अशा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा फारशी उंच वाटत नसे. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या अहवालांतही अशा बाल-संघटनांत लहान मुले ओढली गेल्याची नोंद झालेली आहे.

दलमात प्रवेश झाला की नवे नाव मिळे. गुप्ततेसाठी ते आवश्यक होते, हे उघड आहे; परंतु नावाचे कार्य तेवढ्यावर संपत नाही. घरच्या नावामागे कूळ, देव, गाव आणि सोयरसंबंध यांची साखळी असते. नव्या नावामागे केवळ संघटना असते. विवाहासही संघटनेची अनुमती लागे, आणि अपत्य होऊ नये म्हणून पुरुषांची नसबंदी केली जाई. म्हणजे ज्या नात्याच्या शब्दांनी तरुणास आत आणले, त्याच नात्यांचा पुढील विस्तार तेथे बंद होता. बाहेर, गावात, ‘खबरी’ हा एक शब्द कोणावर पडला की त्याचे प्राण संकटात येत. अनेक आदिवासी या एका शब्दाने मारले गेले. दुसऱ्या बाजूस १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० या पोलीसपथकातही बव्हंशी याच भागातील तरुण होते. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस ठार झाले. २२ एप्रिल २०१८ रोजी बोरिया-कसनासूर येथे आणि त्यानंतर इंद्रावतीच्या पात्रात मिळून सुमारे चाळीस नक्षलवादी मृत्यू पावले. दोन्ही याद्यांत याच वनप्रदेशाची मुले होती.

चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातील वाट वरवर पाहता निराळी दिसते. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे मिलिंद तेलतुंबडे हे कोळसाखाणीत नोकरीस होते. कामगार चळवळीतून ते भूमिगत झाले, ‘जीवा’ व ‘दीपक’ अशा नावांनी वावरले, आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या चकमकीत इतर २६ जणांसह मारले गेले. येथे गाण्याऐवजी सभा होती, आणि गोटुलाऐवजी संघटनेची बैठक. तथापि ‘कॉम्रेड’ हेही संबोधनच आहे, आणि तेही परक्यास आपला करते.

परतण्याविषयी बोलताना एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. नॉर्वेतील अभ्यासक तोरे ब्यॉर्गो आदींनी युरोपातील आत्यंतिक गटांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांविषयी लिहिताना गट सोडणे व मत सोडणे या दोन क्रिया वेगळ्या मानल्या आहेत. मत सोडल्यावाचून मनुष्य गट सोडू शकतो. मत पुष्कळदा मागाहून, हळूहळू, नव्या सहवासात बदलते. गडचिरोलीचा अनुभव याहून निराळा नाही. परतलेल्यांनी सांगितलेली कारणे बहुधा तात्त्विक नसतात. हिवताप व आजारपण, सोबत्यांचा मृत्यू, संघटनेतील परस्परांवरील संशय, लग्न व मूल यांची इच्छा, आणि वरिष्ठ समित्यांत स्थानिक गोंडी तरुणास क्वचितच मिळणारे स्थान, अशी ती आहेत.

या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण एका वरिष्ठ नेत्याचेच आहे. तेलंगणातील पेद्दपल्लीचे मल्लोजुला वेणुगोपालराव हे भूपती, सोनू व अभय अशा नावांनी चार दशकांहून अधिक काळ भूमिगत होते. त्यांचे थोरले बंधू कोटेश्वरराव ऊर्फ किशनजी याच चळवळीत होते व २०११ मध्ये पश्चिम बंगालात मारले गेले. वेणुगोपालरावांच्या पत्नी तारक्का, म्हणजे विमला सिडाम, या गडचिरोलीच्याच. त्यांनी १ जानेवारी २०२५ रोजी शस्त्र खाली ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘अभय’ या नावाने सशस्त्र लढा तूर्त थांबविण्याचे पत्रक निघाले, आणि ऑक्टोबरात ६० सहकाऱ्यांसह वेणुगोपालराव गडचिरोलीत शरण आले. बंधूमागून जाणे व पत्नीमागून येणे यांत कार्यकारणभाव आहेच असे विधान करणे धाडसाचे होईल. पक्षाची झालेली हानी व बदललेली परिस्थिती यांचा वाटा मोठा होता. परंतु क्रम विचार करण्याजोगा आहे.

महाराष्ट्र शासनाची आत्मसमर्पण योजना २००५ पासून सुरू आहे आणि गडचिरोलीत सहाशेहून अधिक जणांनी तिचा लाभ घेतला आहे. रोख रक्कम, प्रशिक्षण व निवारा यांखेरीज नसबंदी उलटविण्याच्या शस्त्रक्रियेचीही सोय अनेकांसाठी करण्यात आली. तत्त्वचर्चेपेक्षा या शस्त्रक्रियेने परतलेल्याचे घर अधिक उभे केले असेल, असे वाटते. मात्र ‘आत्मसमर्पण’ हा शब्द सदोष आहे. त्यात पराभव सूचित होतो. घरी येणे सूचित होत नाही. ‘आत्मसमर्पित नक्षलवादी’ ही उपाधी वृत्तपत्रांत त्या व्यक्तीस जन्मभर चिकटते. म्हणजे घरचे नाव परत मिळूनही न मिळाल्यासारखेच होते. अनेकांस आपल्या गावी राहता येत नाही, कारण परतलेल्यांच्या हत्या झालेल्या आहेत. शासनाचा संशय आणि जुन्या सोबत्यांचा सूड यांच्यामध्ये त्याचे आयुष्य उभे असते.

म्हणून तरुण जाऊच नये यासाठी काय करावे, याचे उत्तरही नाते व भाषा यांच्याजवळच शोधावे लागते. मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक-परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूच्या मजुरीसाठी एके काळी दलमाची वाट पाहिली जाई, त्याचा दर ग्रामसभा स्वतः ठरवू लागली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलाच्या भाषेत त्याला हाक मारण्याचे काम येथे गावाने आपल्याकडे घेतले. अशा शाळेच्या मान्यतेचा प्रश्न हा केवळ शिक्षणखात्याचा प्रश्न नव्हे.

हा विचार वनप्रदेशापुरता मर्यादित नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकमधील इस्लामिक स्टेटकडे गेले. त्यांच्या गावात दलम आले नव्हते. त्यांची वाट मोबाइल व संगणक यांच्या पडद्यावरून गेली होती. तेथेही ‘भाऊ’ हेच पहिले संबोधन असते, तेथेही नवे नाव धारण केले जाते, आणि पायऱ्या तितक्याच सुलभ असतात. त्यांपैकी एक जण त्याच वर्षी परतला, आणि तोही प्रथम घरच्यांशी बोलून.

सारांश, तरुणास आत नेणारा पहिला शब्द नात्याचा असतो. बाहेर आणणाराही बहुधा नात्याचाच असतो. तो शब्द उच्चारण्यास घर, गाव व शाळा यांपैकी कोणीतरी त्याच्या भाषेत उपलब्ध असावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.