खिळ्यांच्या अक्षरांना वाचा फुटली

ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचे टोक दाबले, की पाचरीसारखी खूण उमटते. अशा खुणांनी पश्चिम आशियात सुमारे तीन हजार वर्षे हिशेब, कायदे, पत्रे लिहिली गेली. हीच कीलाकार किंवा क्यूनिफॉर्म लिपी. पुढे ती वाचणारा कुणी उरला नाही. लिपी ठाऊक नाही, भाषाही ठाऊक नाही. मग सुरुवात करायची कुठून?

ग्रोटेफेंड नावाच्या जर्मन शाळामास्तराने १८०२ साली ती राजांच्या नावांपासून केली. कार्स्टन नीबुरने इराणातल्या पर्सिपोलिसहून उतरवून आणलेले लेख त्याच्यापुढे होते. (हा नीबुर मुंबईतही राहिला होता, घारापुरीची लेणी त्याने पाहिली होती.) नंतरच्या इराणी राजांच्या लेखांतला साचा विद्वानांना माहीत होता : ‘अमुक, थोर राजा, राजांचा राजा, अमुक राजाचा पुत्र’. जुन्या लेखांतही हाच साचा असेल, तर वारंवार येणारा शब्द ‘राजा’ असला पाहिजे. दोन लेख ताडून पाहता एकातला राजा दुसऱ्यात बाप म्हणून आलेला दिसला. त्याच्या स्वतःच्या बापापुढे मात्र ‘राजा’ हा शब्दच नव्हता! म्हणजे आजोबा राजा नाही, मुलगा राजा, नातूही राजा. असे घराणे कोणते? कुरूश आणि कंबुजीय म्हणावे, तर दोघांची नावे ‘क’ने सुरू होतात, इथे पहिली अक्षरे वेगळी. उरले दरायस, त्याचा मुलगा झर्क्सीस आणि कधीच राजा न झालेला बाप हिस्टास्पिस. केवळ तर्काने मिळालेले हे यश मला उत्खननातल्या सोन्याहून मोलाचे वाटते. गटिंगेनच्या विद्वत्सभेने मात्र त्याचा निबंध पूर्ण छापला नाही.

त्याच दरायसाचा तीन भाषांतला लेख बेहिस्तूनच्या उंच कड्यावर कोरलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी हेन्री रॉलिन्सन याने शिड्यांवर उभे राहून त्याची नक्कल केली. बॅबिलोनी भाग तर इतका अवघड जागी, की १८४७मध्ये एका कुर्दी पोराने खुंट्या ठोकत, दोराला लोंबकळत त्याचे कागदी ठसे घेतले. त्याचे नाव रॉलिन्सनने नोंदवलेले नाही.

जुन्या पर्शियनच्या आधारे बॅबिलोनी उलगडू लागली. पण एकाच चिन्हाचे अनेक उच्चार! हे वाचन की कल्पनाविलास, असा संशय लोक घेऊ लागले. अखेर १८५७मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने परीक्षाच घेतली. रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ऑपर्ट या चौघांनी एकच असीरियन लेख स्वतंत्रपणे अनुवादून मोहोरबंद लखोट्यांत दिला. लखोटे उघडले. तपशिलात फरक होते, पण मजकुराचा अर्थ चौघांचा जुळला.