दुखतो गुडघा, पण खोट कुठली?

त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या वाटीत कळ येते, अशी तक्रार आपल्या माता-भगिनी नेहमी करतात. वय पन्नाशीचे असले की झीज म्हणून विषय संपतो. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलीचेही असेच दुखते, तेव्हा काय म्हणायचे?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला खोबण असते. रुळावरून रेल्वेचा डबा जावा तशी वाटी त्या खोबणीतून वरखाली सरकते. दुखू लागले की आपण म्हणतो, वाटी सरकली. पण डबा जागेवर आणि रूळच खालून सरकले तर? तसेच होते. पायावर भार पडला की काहींचे मांडीचे हाड खुब्यातून आत फिरते, खोबण वाटीखालून निसटते आणि वाटीची बाहेरची बाजू खोबणीच्या भिंतीवर दाबली जाते. अमेरिकेतील ख्रिस्तोफर पॉवर्स व सहकाऱ्यांनी वाटी बाहेर सरकण्याचा त्रास असलेल्या स्त्रियांचे एमआरआय काढून 2003 साली हे दाखवले. पायावर भार नसताना वाटी हलत होती. उभे राहिल्यावर मात्र फिरत होते ते मांडीचे हाड!

हे हाड आवरून धरतात कुल्ल्याचे स्नायू. मग नुसता गुडघ्याला पट्टा बांधून कसे भागेल? आरशासमोर एका पायावर उभे राहून गुडघा थोडा वाकवून पाहा. तो आत झुकत असेल तर हे स्नायू कमी पडत असण्याचा संभव आहे. कुशीवर झोपावे, गुडघे वाकवावेत, टाचा जुळवून ठेवाव्यात आणि वरचा गुडघा सावकाश उघडावा. कंबर मागे कलू देऊ नये. किती वेळा करायचे ते फिजिओथेरपिस्टला विचारावे.

लहान मुलांची गोष्ट निराळी. जन्मतः मांडीच्या हाडाला 30 ते 40 अंशांचा पीळ असतो, मोठेपणी तो 15च्या आसपास येतो. म्हणून काही मुले पावले आत टाकत चालतात. बहुतेकांचे आठ-दहा वर्षांपर्यंत आपोआप सुधारते. खास बुटांनी हा पीळ उतरत नाही, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन ते आणू नयेत.

वाटी वारंवार निखळत असेल किंवा गुडघा सुजत असेल, तर मात्र जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे व खुबाही तपासायला सांगावे. हा पीळ गुडघ्याच्या एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.