लिव्हरची गोळी आणि घसरलेलं एचडीएल

स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या घेणारे जिमवीर यकृत सांभाळायला सोबत सिलिमरिन घेतात आणि निर्धास्त होतात. या स्टेरॉइडची रचनाच अशी बदललेली असते की यकृताला ते सहजी मोडता येऊ नये. यकृताला त्रास होतो तो त्यामुळेच. पण खरी गोम कोलेस्टेरॉलची. या गोळ्यांनी यकृतातलं हिपॅटिक लायपेज हे विकर चेकाळतं आणि ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, फस्त करत सुटतं. १९८९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज अवघ्या ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉलने सहा आठवड्यांत वेटलिफ्टरांचं एचडीएल ३३ टक्क्यांनी घसरलं. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने जेमतेम ९ टक्क्यांनी. सिलिमरिन ही घसरण रोखतं, याला भक्कम पुरावा नाही. तरी यकृताच्या तपासणीत एसजीपीटी नॉर्मल आलं की लिपिड प्रोफाइलला टांग मारणारे आहेतच! गोळ्या बंद केल्यावर एचडीएल बहुधा सावरतं, पण त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात.