पदक कंपनीचं, काम गौरीचं

गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर वडसा नावाचं स्टेशन आहे. कागदोपत्री गाव देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. पण झाडीपट्टीत नाटक ठरवायला निघालेला माणूस ‘वडशाला जातो’ असंच सांगतो. धान घरात आलं, भाऊबीज झाली, की इथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत गावोगावच्या नाट्यमंडळांची माणसं येऊन बसतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांतली. तारीख ठरते, पैसे ठरतात, नाटक ठरतं. मग होळीपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावच्या वावरात रात्रभर नाटक रंगतं. दिवसा शंकरपटात बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि घराघरांत पाहुण्यांची गर्दी. नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट, वादक, पडदे, दिवे, सगळा संच कंपनीचा.

वडशाच्या त्या रस्त्यावर लागलेले नाटकांचे फलक पाहताना माझ्या डोळ्यांपुढे पुण्याचं प्रभातनगर, प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ, उभं राहिलं. तिथंही सगळं एका कुंपणाच्या आत होतं. लेखक, संगीतकार, सुतार, रंगारी, शिंपी, नट-नट्या, सगळे महिन्याच्या पगारावर आणि सगळे एका नावाखाली. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. अशा एका छताखाली, इतक्या हातांनी घडलेल्या कलाकृतीला मान मिळतो, तेव्हा तो नेमका कुणाच्या हातात पडतो?

तारखांचा एक योग इथं नोंदवावासा वाटतो. 16 मे 1929 रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिले ऑस्कर पुरस्कार दिले गेले. विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झाली होती. मुख्य सोहळा अवघ्या पंधरा मिनिटांत उरकला. त्यानंतर सोळा दिवसांनी, 1 जून 1929 रोजी, कोल्हापुरात विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. हॉलिवूडला कोल्हापूरचा पत्ता नव्हता, पण दोन्हीकडची रचना एकाच जातीची होती. ऑस्कर देणारी अकादमी 1927मध्ये उभी राहिली, तीही मेट्रो-गोल्डविन-मेयरचे प्रमुख लुई मेयर यांच्या कल्पनेतून. कामगारांनी संघटना बांधण्याआधीच कलावंत आणि मालक यांना एका मंडळात आणावं, हा त्यामागचा एक हेतू होता. तरीही तिथला पहिला नटाचा पुरस्कार एमिल यानिंग्ज यांच्या आणि नटीचा जॅनेट गेनर यांच्या नावावर लिहिला गेला. कराराने बांधलेल्या माणसाचंही नाव पदकावर कोरलं गेलं.

आपल्याकडे तसं घडायला पुष्कळ वर्षं लागली. सुरुवातीला मान द्यायला संस्थाच नव्हती. ‘सैरंध्री’ चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी तो काढणाऱ्या बाबूराव पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, ते 1920 साल. एका मोठ्या माणसानं उघडपणे दिलेली शाबासकी हाच तेव्हाचा पुरस्कार होता.

मग ‘संत तुकाराम’ आला. 1933मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला हलली होती. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट 1936च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. 1937च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. जगातल्या तीन सर्वोत्तम चित्रपटांत त्याची निवड झाली असं मराठीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं आहे. मला त्या क्रमांकाची गरज वाटत नाही. देहूच्या वाण्याची मराठीत सांगितलेली गोष्ट व्हेनिसच्या परीक्षकांनी पाहिली आणि तिची नोंद घेतली, एवढं पुरे आहे. त्या गौरवाचं सन्मानपत्र मधल्या काळात हरवलं आणि फार वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आलं. कागद हरवतो आणि सापडतोही. त्या कागदावर जी नावं कधी आलीच नाहीत, त्यांचा शोध मात्र कुणी घेत नाही.

पहिलं नाव विष्णुपंत पागनीसांचं. मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांचा तुकाराम पाहिलेल्या माणसाला तुकोबांचा दुसरा चेहरा आठवणं अवघड जातं. 1943मध्ये ते गेले, तेव्हा या देशात नटाला सरकारी पुरस्कार द्यायची पद्धतच नव्हती. दुसरं नाव शांताराम आठवले यांचं. त्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला, की जाणकारही तो गाथेत शोधत राहिले. कवीनं स्वतःला इतकं पुसून टाकावं आणि त्यापुढे त्याच्या नावाची पाटीही कुठं लागू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तिसरं नाव गौरीचं. प्रभातमध्येच लहानसहान कामं करत ही बाई पुढे आली आणि तिला तुकोबांच्या बायकोची, आवलीची, भूमिका मिळाली. हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे. दर वेळी पाहताना डोळे तुकोबांवरून सरकून आवलीवर जातात. आजारी लेकरासाठी थेट विठोबाला जाब विचारायला निघालेली, म्हशीची काळजी करणारी, नवऱ्याला तोंड सोडून बोलणारी आणि त्याच्याशिवाय न राहू शकणारी ही बाई नसती, तर तो चित्रपट नुसता भक्तिपट झाला असता. गौरीमुळे त्यात चूल पेटली. झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावात ही आवली ओळखू येते. धानाच्या बांधावरून डोक्यावर शिदोरी घेऊन, कुणाला तरी शिव्या घालत येणारी ती. असं काम करणाऱ्या बाईला पगार मिळाला, पुढचं काम मिळालं, आणि इतिहासानं पान उलटलं.

मालकाच्या नावाखाली काम करताना काय सोसावं लागतं, हे एका नटीनं उघड्यावर सांगितलं. ‘अमृतमंथन’मध्ये दिसलेली आणि ‘कुंकू’ची नायिका झालेली शांता आपटे. 1939मध्ये कराराच्या वादावरून ती प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून तिनं या धंद्यातली नोकरी कशी असते ते मांडलं. ‘कुंकू’ची गाणी आजही लोक गुणगुणतात. त्या उपोषणाची आठवण मात्र अभ्यासकांपुरती उरली. मला विचाराल, तर त्या काळातला सगळ्यात धीट प्रसंग पडद्यावर घडलाच नाही, तो फाटकाबाहेर घडला.

1954 हे साल सगळ्यांच्या लक्षात राहतं. 21 मार्चला मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. चित्रपटसमीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून त्यांना तेव्हा ‘क्लेअर्स’ म्हणत आणि बाहुली घडवली होती शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी. पुरस्कार फक्त पाच. त्यांत दिलीपकुमार, मीनाकुमारी, नौशाद, बिमल रॉय अशी माणसांची नावं होती. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला सरकारचे पहिले चित्रपट पुरस्कार दिले गेले आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’च्या वाट्याला गुणवत्ता प्रमाणपत्र आलं. महाराष्ट्रानं त्या दिवशी जो अभिमान धरला, तो रास्तच होता. पुढच्या वर्षी अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मराठीसाठीचं रौप्यपदक मिळालं.

त्या दिवशी आजचा चंद्रपूर जिल्हा कुठं होता? त्याचं नाव चांदा होतं आणि तो मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. गडचिरोली हा वेगळा जिल्हा 26 ऑगस्ट 1982ला झाला. तोवर तोही त्याच जिल्ह्याचा भाग. म्हणजे मराठी चित्रपटानं दिल्लीत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा झाडीपट्टीचा मराठी माणूस दुसऱ्याच राज्यात होता. पण साने गुरुजींच्या पुस्तकातली श्यामची आई राज्याची सीमा बघून घरात आली नव्हती. ती इथल्या शाळांतही होती आणि आयांच्या तोंडीही होती.

माझा मुद्दा मात्र पदकाच्या स्वरूपाचा आहे. हे पदक चित्रपटाचं होतं. वनमालाबाईंनी उभी केलेली आई, माधव वझे या मुलानं केलेला श्याम, वसंत देसाईंचं संगीत, यांतल्या कुणासाठीही त्या यादीत रकाना नव्हता. हा दोष अत्र्यांचा नाही आणि कुणा परीक्षकाचाही नाही. चित्रपट ही एका घराण्याची निर्मिती, म्हणून घराण्याचा सत्कार करावा, ही त्या काळाची समजूत होती. नट, नटी, दिग्दर्शक, संगीतकार, गायक यांचे स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते 1967च्या चित्रपटांपासून. पहिला नट उत्तमकुमार, पहिली नटी नर्गिस. तोवर त्या घराण्यांचे दिवे विझले होते. व्ही. शांताराम यांनी 1942मध्येच प्रभातमधून बाहेर पडून राजकमल काढली, 1945मध्ये दामले गेले आणि 1953मध्ये प्रभात बंद पडली, म्हणजे ‘श्यामची आई’ पडद्यावर आला त्याच वर्षी. पगारी संचाचा जमाना संपला आणि मग माणसांना पदकं मिळू लागली. ज्यांनी त्या जमान्यात काम केलं, त्यांच्या हाती ती फारशी लागली नाहीत.

म्हणून वडसा मला महत्त्वाचं वाटतं. संचाचा, हंगामाचा, कंपनीच्या नावाचा तो जुना कारभार इथं अजून जिवंत आहे. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या मातीतून ही रंगभूमी उगवली. नंतर तिनं संगीत नाटकाकडून गाणी आणि ‘वन्स मोअर’ घेतला, सिनेमाकडून मारामारी आणि कथानकाची वळणं घेतली, आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक टिकवला. शहरातल्या पुरस्कारांच्या मंडपात तिला फार काळ कुणी बोलावलं नाही. 2022मध्ये तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’नं या दुनियेवर कॅमेरा रोखला, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांना असं काही आहे हे प्रथमच कळलं.

आणि 2023मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. हा सन्मान कुठल्या कंपनीच्या नावावर आला नाही. रात्री रंग लावून उभं राहणाऱ्या नटाच्या नावावर आला. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला जंगल आणि बंदूक आठवते. त्या जिल्ह्याच्या नावापुढे त्या दिवशी एका विनोदी नटाचं नाव छापून आलं. ती बातमी वाचताना मला गौरीची आठवण झाली. तिच्या किती भूमिका झाल्या, हे मोजून ठेवायची गरज त्या वेळी कुणाला वाटली नव्हती.

वडशाहून निघताना मी एका नाटकाचं पत्रक मागून घेतलं. गुळगुळीत कागद, भडक रंग, गावाचं नाव आणि तारीख मोठ्या अक्षरांत. वर कंपनी, मध्ये नट-नट्यांचे लहान लहान फोटो आणि प्रत्येकाखाली नाव-आडनाव. खाली बारीक टायपात ऑर्गन कोण वाजवणार, तबल्यावर कोण, नेपथ्य कुणाचं. घरी आल्यावर ते मी ‘संत तुकाराम’च्या श्रेयनामावलीच्या छायाप्रतीशेजारी ठेवलं. तिथं आवलीच्या भूमिकेपुढे एकच शब्द आहे. गौरी. आडनाव नाही, गाव नाही.