विद्रूप चित्र आणि निनावी बदनामी

निवडणूक प्रचारात बीभत्स चित्रे आणि हीन डावपेच क्षम्य मानावेत का, हा प्रश्न बहुधा सभ्यतेचा म्हणून मांडला जातो आणि म्हणूनच त्याचे समाधानकारक उत्तर हाती लागत नाही. कारण पुढाऱ्याला झोंबणारे प्रत्येक चित्र त्याच्या अनुयायांना असभ्यच वाटते, आणि ज्या व्यंगचित्राने कोणाचाही तिळपापड होत नाही ते छापण्याच्या लायकीचे क्वचितच असते. चित्र किती बोचते याहून ते कशावर बोट ठेवते, म्हणजे माणसाच्या सार्वजनिक कृतीवर की त्याच्या देहावर, जन्मावर आणि जातिधर्मावर, आणि त्यामागे कोण उभा आहे हे मतदाराला कळते की नाही, या दोन कसोट्या अधिक उपयोगी पडतात.

पहिल्या कसोटीचा कस अमेरिकेतील व्यंगचित्रकार टॉमस नॅस्ट याच्या कामात चांगला लागतो. न्यूयॉर्क शहराची तिजोरी लुटणारा पुढारी विल्यम ट्वीड याला नॅस्टने १८७१ मध्ये ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकातून गिधाडाच्या रूपात दाखवले आणि एका चित्रात तर त्याच्या धडावर डोक्याच्या जागी पैशांची थैली बसवली. ही चित्रे सौम्य नव्हती, पण त्यांचा रोख चोरीवर होता आणि चोरी खरी होती. पुढे तुरुंगवासातून निसटलेला ट्वीड १८७६ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला तेव्हा त्याची ओळख नॅस्टच्या चित्रावरूनच पटली. मात्र याच कुंचल्याने आयरिश स्थलांतरितांना वारंवार माकडाच्या चेहऱ्याचे रंगवले, आणि तेथे कोणाचीही कृती नव्हे तर एक अख्खा समाजच लक्ष्य होता. धार तीच, हात तोच. तरीही एक चित्र लोकशाहीच्या उपयोगाचे आणि दुसरे विषारी.

देहावरच्या हल्ल्याचे ठळक उदाहरण कॅनडातील १९९३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सापडते. लिबरल पक्षाचे नेते जाँ क्रेतियें यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणी ‘बेल्स पाल्सी’ या विकाराने, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना हालवणारी नस निकामी झाल्याने, लुळी पडली होती आणि बोलताना त्यांचे तोंड वाकडे होत असे. सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवर आणलेल्या जाहिरातीत त्यांच्या चेहऱ्याची अगदी जवळून घेतलेली छायाचित्रे दाखवली गेली आणि त्यांवर, असा माणूस पंतप्रधान झाला तर लाज वाटेल, अशा अर्थाचे बोल ऐकवले गेले. मजकूर धोरणांविषयीचा आहे, असे जाहिरातीचे समर्थक म्हणत राहिले. पण डोळ्यांना जे दिसते ते कान पुसू शकत नाहीत. क्रेतियें यांनी आकांडतांडव न करता, आपण तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो, विरोधकांसारखे दोन्ही बाजूंनी नव्हे, असा टोला हाणला. पंतप्रधान किम कॅम्पबेल यांना जाहिरात लगोलग मागे घ्यावी लागली. १९८८ मध्ये १६९ जागा जिंकलेला त्यांचा पक्ष या वेळी २ जागांवर आला. हे पानिपत एका जाहिरातीने झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण मंदी, नवा विक्रीकर आणि पक्षातून फुटलेले मतदार यांनी जमीन आधीच पोखरलेली होती. पण उरलीसुरली सहानुभूती त्या जाहिरातीने घालवली.

भारतातील कायद्याने या दोन्ही कसोट्या, नाव न घेता का होईना, मान्य केलेल्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ नुसार उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी खोटे, आणि ज्याच्या खरेपणावर करणाऱ्याचा स्वतःचाच विश्वास नाही असे, विधान प्रसिद्ध करणे हे ‘भ्रष्ट आचरण’, म्हणजे निवडणूकच रद्द होऊ शकेल असे कृत्य, ठरते. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता टीकेला धोरणे, कार्यक्रम आणि पूर्वीची कामगिरी एवढ्यापुरतेच राहण्यास सांगते आणि विरोधकांच्या पुतळ्यांची मिरवणूक व दहन निषिद्ध मानते. दुसरी कसोटी कलम १२७-क मध्ये आहे, आणि ती प्रत्येक प्रचारपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिसते: मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता. छपाईपूर्वी प्रकाशकाने सही केलेले आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाने घ्यायचे, छापलेल्या पत्रकाची प्रत त्यासह अधिकाऱ्यांकडे पाठवायची, अशी ही व्यवस्था आहे. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाचा आकडा हास्यास्पद असला तरी त्यामागचे तत्त्व पक्के आहे. ज्याला शिवी द्यायची आहे त्याने आधी स्वतःचा पत्ता द्यावा.

खरा धोका या बारीक ओळीच्या पलीकडे सुरू होतो. अमेरिकेत २००० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी साउथ कॅरोलायनात चुरस असताना जॉन मॅक्केन यांनी बांगलादेशातून दत्तक घेतलेल्या मुलीविषयी, ती त्यांची अनौरस संतती असल्याची कुजबुज पसरवली गेली. त्यासाठी ‘पुश पोल’चाही, म्हणजे सर्वेक्षणाच्या मिषाने प्रश्नातूनच बदनामी कानात सोडणाऱ्या फोनचा, आधार घेतला गेल्याचे आरोप झाले. मॅक्केन ती लढत हरले आणि कुजबुजीचा कर्ता कोण हे कधीच सिद्ध झाले नाही. कॅनडातील जाहिरातीमागे पक्षाचे नाव होते, म्हणून जबाब मागता आला. येथे जबाब मागायचा कोणाकडे?

न्यायालयाची वाट तर फार लांबची असते. निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. परंतु विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील धर्माच्या नावाने केलेल्या प्रचाराचा वाद सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर १९९५ मध्ये निकाली निघाला, आणि तोपर्यंत त्या मतदारसंघात १९९० व १९९५ अशा आणखी दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या बनावट चित्रफिती, म्हणजे डीपफेक, निदर्शनास आणून दिल्यापासून तीन तासांत काढून टाकाव्यात, असा आदेश निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये राजकीय पक्षांना दिला, तो याच दिरंगाईवरचा उतारा म्हणायचा. पण तो पक्षांना उद्देशून आहे. ज्या चित्रफितीच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, पक्ष यांपैकी कोणाचेच नाव नाही, तिच्या बाबतीत हे तीन तास कोणाचे मोजायचे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मतदानापूर्वीच्या ४८ तासांत, सभा व ध्वनिक्षेपक शांत झाल्यावर, व्हॉट्सॲपवरून फिरत राहते ती अशीच चित्रफीत.