विमानी बचावदलांचे कापडी बिल्ले

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोळवण खोऱ्यातील एक विद्यार्थी वर्गात एक कापडी बिल्ला घेऊन आला. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याने तो ८० रुपयांस घेतला होता. काळ्या कापडावर पंख, दोर व हेलिकॉप्टर अशी नक्षी होती. "गुरुजी, बुडणाऱ्यांना वाचविणाऱ्या वैमानिकाच्या बाहीवरचा हा बिल्ला आहे, असे विकणारा म्हणाला. खरे असेल काय?" असे त्याने विचारले. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा लेखप्रपंच.

सैन्यातील तुकड्यांची चिन्हे फार जुनी. परंतु आकाशमार्गे जाऊन माणसे वाचविणाऱ्या तुकड्या अलीकडच्या होत, आणि त्यांच्या इतिहासाची काही आरंभीची पाने आपल्याच ईशान्य सीमेवर लिहिली गेली. दुसऱ्या महायुद्धात आसामातून चीनला रसद नेणारी अमेरिकन विमाने दुर्गम डोंगरांवरून जात. २ ऑगस्ट १९४३ रोजी असे एक विमान नागा डोंगरांच्या मुलुखात कोसळले. आतील माणसांनी हवाई छत्र्यांनी उड्या टाकल्या. जखमींच्या शुश्रूषेसाठी डॉन फ्लिकिंजर नावाचे लष्करी डॉक्टर दोन सहायकांसह छत्रीनेच त्या रानात उतरले. पुढील वर्षी एप्रिलमध्ये कार्टर हार्मन या तरुण अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात शत्रूच्या मुलुखात अडकलेल्या चौघांना हेलिकॉप्टरने बाहेर काढले. ते यंत्र एका वेळी एकच उतारू नेऊ शके, म्हणून त्यास चार खेपा कराव्या लागल्या. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते.

त्या रणक्षेत्रातील अमेरिकन सैनिकांच्या बाहीवरील ढालीच्या आकाराच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य व हिंदुस्थानचा तारा असे. त्यांपैकी पुष्कळ बिल्ले येथील कारागिरांनी जरीच्या तारेने हातांनी भरलेले आहेत. हाताचे काम असल्यामुळे कोठे तारा वाकडा, कोठे पट्टा रुंद. आणि आज संग्राहकांस नेमका हाच वाकडेपणा प्रिय वाटतो.

वाचविणाऱ्यांप्रमाणे वाचलेल्यांचाही एक बिल्ला आहे, आणि मला तो सर्वांत मनोवेधक वाटतो. १९४२ साली इंग्लंडात 'गोल्डफिश क्लब' निघाला. विमान समुद्रात पडून रबरी होडीच्या वा तत्सम साधनाच्या आधाराने जो जगला, तोच त्याचा सभासद! बिल्ल्यावर पंख असलेला सोनमासा. युद्धामुळे कापडाची टंचाई होती. म्हणून मेजवानीच्या जुन्या काळ्या पोशाखांचे तुकडे कापून त्यांवर हे मासे भरले गेले. गणवेशावर तो उघड लावण्यास परवानगी नसल्याने हवाई दलातील सभासद तो खिशाच्या झाकणाखाली शिवीत.

आता आपल्याकडे वळू. नौदलाची ३२१ क्रमांकाची हेलिकॉप्टर तुकडी १९६९ साली उभी राहिली. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून विमाने उडत वा उतरत, तेव्हा तिचे हेलिकॉप्टर बाजूला घिरट्या घालीत राही. कोणी पाण्यात पडलाच तर त्यास तत्काळ उचलावे, हे त्याचे काम. या तुकडीचे नाव 'एंजल्स', म्हणजे देवदूत. योगायोग असा की, अमेरिकन बचावदलाच्या बिल्ल्यावरही पृथ्वीला कवेत घेणारा देवदूतच आहे, आणि त्याखालील ब्रीदाचा अर्थ 'इतरांनी जगावे म्हणून' असा होतो.

हे ब्रीद केवळ शोभेचे नव्हे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ माणसांपैकी १८६ वाचली. बहुतेकांना युद्धनौकांनी उचलले, आणि वारा किंचित ओसरताच कुलाब्याच्या 'शिक्रा' तळावरील हेलिकॉप्टरेही शोधास निघाली. कधी वाचविणाराच परत येत नाही. २५ जून २०१३ रोजी केदारनाथच्या महापुरात बचावकार्य करणारे हवाई दलाचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून त्यातील वीसही जण मृत्यू पावले. अशा तुकडीच्या बिल्ल्याबद्दल खोटी कथा रचून चार पैसे अधिक घेणे मला क्षुद्रपणाचे वाटते.

खरेखोटे कसे ओळखावे? प्रथम पाठ पाहावी. पुढून सारे सारखेच दिसतात. युद्धकाळच्या बिल्ल्याला मागे चिकटपट्टी असणे शक्यच नाही. नंतर दुकानदार नोटा तपासतात तो निळा दिवा धरावा. अलीकडील पुष्कळसा कृत्रिम धागा त्याखाली लखलखतो, जुना सुती धागा सहसा मंद राहतो. (जुना बिल्ला आजच्या साबणाच्या भुकटीत धुतला असेल, तर मात्र हा दिवाही फसवतो!) शेवटी, तो कोणाकडून व केव्हा मिळाला याची चिठ्ठी सोबत हवी.

आणखी एक सूचना पालकांसाठी. बिल्ले वहीत ठेवावेत. आपण सैनिक आहोत असे लोकांस भासविण्याच्या हेतूने तसले चिन्ह अंगावर मिरविणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

त्या विद्यार्थ्याचा बिल्ला आम्ही उलटून पाहिला. मागे चिकटपट्टी होती, क्रमांक वा तुकडीचे नाव कोठेच नव्हते, आणि दिव्याखाली सारा धागा उजळून निघाला. मुलाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो नवी वही घेऊन आला. पहिल्याच पानावर तो बिल्ला टाकून खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : "नक्कल. जुना बाजार, पुणे. किंमत ८० रुपये."